परवानगीचा कागद कुठे अडला?

संपादक महोदय,
माझा नातू इथल्या एका सरकारी शाळेत तिसरीत आहे. इयत्ता न बघता वाचनाच्या पातळीनुसार गट करून रोज तासभर शिकवावे, असे त्याच्या बाईंनी ठरवले. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला, अर्ज वर गेला. वरून विचारणा आली, खर्च किती? (खडूचा, दुसरा कसला!) दिवाळीपासून कागद फिरतोच आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू केले, त्या बडोद्यात हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती करते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. बिनखर्चाचे प्रयोग त्या आराखड्यातच मंजूर धरावेत आणि नकार असेल तर महिन्याभरात लेखी कळवावा.

– एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा