काका, तुम्ही आम्हाला बोटीत बसायला लावलंत

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, दोर बदललेस का?" असं विचारून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. जुनी शिडाची बोट घ्यायचं मनात असलेल्या एखाद्या मराठी घराला त्याचा उपयोग झाला तर मला आनंदच होईल.

अमेरिकेत, मेरीलँडमधल्या अनॅपोलिसच्या त्या धक्क्यावर आम्ही तुम्हाला बोलावलं तेव्हा आमचं जवळजवळ ठरलेलं होतं. केप डोरी टायफून, साडेअठरा फुटी, कार्ल अल्बर्गच्या आराखड्याची. तिची वळणं आणि कडेचं सागवान बघून मी हरखून गेले होते. केबिनमध्ये चौघांना झोपायची सोय होती, तीही मी कौतुकानं दाखवली. तुम्ही विचारलंत, "रात्री राहणार आहात का बोटीवर?" नाही. सकाळी निघायचं, चेसापीकच्या उपसागरात फिरायचं, संध्याकाळी घरी. "मग दिवसभर बसणार कुठे, ते बघू या." याच टायफूनचा डेसेलर नावाचा प्रकार आहे, सांगाडा तोच पण केबिन छोटी आणि कॉकपिट, म्हणजे मागची उघडी बसायची जागा, लांब, हेही तुमच्याकडूनच कळलं. तसा एकही विकाऊ मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

मग तुम्ही आम्हा पाचही जणांना लाइफ जॅकेट घालून कॉकपिटमध्ये बसवलंत. बोट बांधलेली असताना जॅकेट कशाला, असं मला वाटलं होतं. मेरीलँडमध्ये २१ फुटांखालच्या चालत्या बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलांना ते घालावंच लागतं, आणि आम्ही मोठेही घालणारच होतो. ते अंगावर चढलं की प्रत्येक माणूस केवढा रुंद होतो, हे तेव्हा दिसलं. वर डब्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, आईची शाल. यांनी सुकाणूचा दांडा या कडेपासून त्या कडेपर्यंत नेला, तर वाटेत आईचे गुडघे. टॅक करताना, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यासमोरून वळवताना, सगळ्यांनी बाजू बदलायची, जिबचा (पुढच्या शिडाचा) दोर एकानं सोडायचा, दुसऱ्यानं विंचवर (दोर ओढायच्या चरखीवर) ओढायचा, आणि बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरून जाणार. तुम्ही तीन वेळा ते नाटक करायला लावलंत. तिसऱ्यांदाही लेकीचं कोपर धाकट्याच्या नाकावर आपटलं. टायफून सुंदरच बोट आहे. दोघांची असती तर मी आजही तीच घेतली असती.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. छोट्या मोटरबोटीवर किती माणसं बसवायची याची पाटी असते, शिडाच्या बोटीला ती लावायची सक्तीच नाही. म्हणजे आकडा आपणच ठरवायचा. त्यासाठी तुम्ही धक्क्यावर उतरून आमचा मागचा भाग किती बुडतो ते बघत उभे राहिलात. सगळं वजन मागे आलं तर बोट ढुंगणावर बसते आणि कॉकपिटचं पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकांतूनच पाणी आत येऊ शकतं, हे तुम्ही तेव्हा समजावलंत. बोट बघायला जाताना टेप नेतात, पण सगळं घर नेत नाहीत. मीही नेलं नसतं.

तीन आठवड्यांनी मिळालेली जुनी कॅटलिना २२ दिसायला साधी आहे. पण रुंदी ७ फूट ८ इंच, टायफूनपेक्षा जवळजवळ १७ इंच जास्त. तिथेही तुम्ही आधी बाकांवर आणि तळावर टाचेनं दाबून बघितलंत, कुठे मऊ लागतंय का, आतलं लाकूड कुजलंय का. मग पाठ टेकते का, आणि बोट कलल्यावर समोरच्या बाकाला पाय रोवता येतात का. लेकीचे पोचले, धाकट्याचे लटकत राहिले. रुंद कॉकपिट मुलांना उलट त्रासाचं ठरू शकतं, हे माझ्या कधीच लक्षात आलं नसतं. त्याला केबिनच्या भिंतीला पाठ लावून पुढे बसवायचं, हा तोडगाही तुमचाच. आत घेता येणारा कील (बोटीच्या तळाखालचं जड पातं), त्याची केबल, त्याची खीळ यांची तपासणी तुम्ही पावसात उभं राहून केलीत, ते मी विसरणार नाही. उथळ खाड्यांत कील वर घेतला की बोट दोन फूट पाण्यातही तरंगते, याचं मोल आता दर आठवड्याला कळतं.

आणि आई. मालवणला लहानपणी मामाच्या होडीत बसलेली, पण गुडघे दुखायला लागल्यापासून पाण्याचं नाव काढत नव्हती. तिला तुम्ही "ताई, तुम्ही सांगा, कुठे बसाल?" असं विचारलंत. त्या दिवशी तिचं मत विचारणारे तुम्ही एकटेच होतात, मी सुद्धा विचारलं नव्हतं. ती डाव्या बाकावर, विंचच्या पुढे बसली, कडेला हात ठेवला आणि म्हणाली, "हयसर बरा वाटता." ती जागा आता तिचीच आहे. आम्ही टॅक करतो तेव्हा तिला उठावं लागत नाही. परवा सेव्हर्न नदीच्या तोंडाशी तिनं अर्धा तास सुकाणू धरलं.

आईचा परतीचा प्रवास ऑक्टोबरात आहे. त्याआधीच्या एका रविवारी थॉमस पॉइंटच्या दीपगृहापर्यंत जायचं ठरवलंय. आई घावणे करणार आहे. तुम्ही आलात की आम्ही सहा होऊ, म्हणून शनिवारी सगळे पुन्हा जॅकेट घालून बसून बघितलं. धाकटा केबिनच्या पायरीवर बसेल म्हणतो. उजव्या बाकाची पुढची जागा तुमची.

तुमची,
धक्क्यावरची पुतणी