ताई, त्या बंद दारासाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण मुंबईत, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून तुमची जी खोली आहे, तिथे बसलेली देवगडची मुलगी तुम्हाला आठवत असेल.

बाबांच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा आई म्हणत होती, ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव घालू, लागेल नंबर. तुम्ही कॅलेंडरचं पान फाडलंत, मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं लिव्हर काढलंत. ब्रेनडेड दात्याचं लिव्हर मिळायचं तर रुग्णाचं लिव्हर किती निकामी झालंय याला वजन असतं, आणि ते मोजतात मेल्ड स्कोअरनं. त्यात रक्ततपासणीतले आकडे: बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप), सोडियम. गाठीचा आकार त्यात येतच नाही. हिपॅटायटिस बीनं सिरॉसिस झाला होता, तरी बाबांचा स्कोअर अवघा 11. गाठ मात्र 4 सेंटीमीटरची, आणि कॅन्सर असताना ट्रान्सप्लांट करायचं की नाही ते ज्यांवरून ठरवतात त्या मिलान निकषांत एकट्या गाठीला मर्यादा 5 ची. नंबर येईपर्यंत ती पुढे गेली तर ट्रान्सप्लांटच हातचं जाणार. शिवाय रात्री फोन आला तर देवगडहून मुंबई गाठायला किती तास? बर्फातलं लिव्हर साधारण बारा तासच टिकतं.

म्हणजे जिवंत दाता. चुलतभाऊ लगेच तयार झाला, पण 1994 च्या कायद्यात पुतण्या जवळच्या नात्यात धरत नाहीत, मंजुरी समितीपुढे जावं लागतं. मुलगी धरतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका म्हणाले, लेकीचं कर्तव्यच आहे. आत्या म्हणाली, हिचं लग्न व्हायचंय, पोटावर व्रण घेऊन कुठे जाईल? मला कुणी विचारलंच नाही.

तुम्ही विचारलंत. सगळ्यांना बाहेर बसवून दार लावलंत. चित्रातल्या लिव्हरवर रेघ मारून म्हणालात, हा उजवा भाग, साधारण 60 टक्के, बाबांना. उरलेलं काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत वाढतं. पण दोनशे ते पाचशे दात्यांमागे एखादा दगावतो, हेही सांगितलंत, आवाज खाली न आणता. आणि मग: "नको म्हणालीस तर घरी इतकंच सांगू, की तू दाता म्हणून बसत नाहीस. कारण सांगणार नाही. टेबलावर जाईपर्यंत तुला नाही म्हणता येईल."

मी खूप रडले. दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या सकाळी दादरहून फोन करून हो म्हणाले, तो होकार माझा होता. तुम्ही नसतात तर तो काकांचा झाला असता, आणि आयुष्यभर मला बाबांकडे बघताना ते आठवलं असतं.

मी घाई करत होते तेव्हाही तुम्हीच थांबवलंत. आधी टेस, म्हणजे रक्तवाहिनीतून थेट गाठीत औषध सोडून तिची रसद तोडायची, मग काही आठवडे ती कशी वागते ते बघायचं. दाता घरचा आहे म्हणून लगेच ट्रान्सप्लांट केलं आणि गाठ आक्रमक निघाली, तर कॅन्सर नव्या लिव्हरमध्येही परततो. ते आठवडे मला जड गेले, पण तुमचं बरोबर होतं.

आता चौदा महिने झाले. नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून असलेलं टॅक्रोलिमस बाबा वेळेवर घेतात, एएफपी ही कॅन्सरवर नजर ठेवणारी रक्ततपासणी आणि स्कॅन ठरल्या तारखेला होतात. कॅलेंडरचं ते पान माझ्या कपाटात आहे.

बंद दाराआड काय बोलणं झालं ते आईला आजवर सांगितलं नव्हतं. हे पत्र लिहायचं म्हणून काल सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तेंका माजो नमस्कार सांग."