पाळीआधीचा त्रास आणि पाळीतला त्रास : फरक तारखेचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मासिक पाळीच्या त्रासाविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. हा विषय आडपडदा न ठेवता छापल्याबद्दल आपले आभार. मात्र त्या लेखात छाती जड होणे, पोट फुगणे, चिडचिड, ओटीपोटातील कळा, जुलाब, थकवा ही सारी लक्षणे एका दमात सांगितली होती, जणू ती एकाच दुखण्याची अंगे असावीत. वास्तविक पाळीआधीचा त्रास आणि पाळीतला त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी, उपायही बरेचसे वेगळे, आणि त्या ओळखण्याची खूण म्हणजे तारीख. तिचा उल्लेख लेखात आला नाही, म्हणून हे पत्र.

पाळीआधीचा त्रास स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या पंधरवड्यात, बहुधा शेवटच्या चार-पाच दिवसांत जाणवतो आणि रक्तस्राव सुरू झाला की एक-दोन दिवसांत, फार तर चार दिवसांत ओसरतो. स्तन दुखणे, अंगावर सूज आल्यासारखे वाटणे, डोके दुखणे, झोप बिघडणे, क्षुल्लक कारणाने रडू येणे किंवा संताप होणे ही त्याची नेहमीची रूपे. अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा शरीरात स्त्री-संप्रेरक जास्त साठल्यामुळे हे घडते असा त्यांचा समज होता. पुढे मोजमाप शक्य झाल्यावर दिसले ते निराळेच : त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण सारखेच असते, फरक असतो तो या संप्रेरकांच्या चढउताराला मेंदू किती तीव्रतेने प्रतिसाद देतो यात. म्हणूनच रक्ततपासणीचा अहवाल 'सर्व ठीक' असा येतो आणि बाईच्या हाती 'हे सगळे तुझ्या मनाचे खेळ' एवढेच निदान पडते. अहवाल खोटा नसतो; त्या तपासणीत हा त्रास दिसण्यासारखाच नसतो.

पाळीतल्या कळांचे कारण मात्र सरळ गर्भाशयात सापडते. गर्भधारणा झाली नाही की प्रोजेस्टेरॉन उतरते, गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते आणि त्यातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्यांचा रक्तपुरवठा काही क्षण कमी पडतो आणि कळ येते. हीच द्रव्ये आतड्यांवरही काम करतात, त्यामुळे पहिल्या दिवशी पातळ शौचास होणे किंवा मळमळणे यात काही नवल नाही. अनेक जणी उगीचच आदल्या दिवशीच्या जेवणाला दोष देतात. अशा कळा स्रावाबरोबर किंवा काही तास आधी सुरू होतात आणि साधारणतः दोन-तीन दिवसांत थांबतात. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड यांसारखी औषधे प्रोस्टाग्लॅंडिन तयार होण्याची क्रियाच रोखतात. ॲस्पिरिन याच मार्गाने वेदना कमी करते हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, जी मला फार उशिरा कळली : गोळी कळ सुरू होताच घ्यायची असते. 'सहन होईल तोवर गोळी नको' म्हणून मी कित्येक वर्षे दुपारपर्यंत दात-ओठ खात बसत असे आणि मग गोळीचा उपयोग होत नाही म्हणून तिलाच नावे ठेवत असे. अर्थात पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्यांनी ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेतल्यानेही खरोखर आराम पडतो.

आता तारखेविषयी. रक्तस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस. तिथून रोज रात्री एक ओळ लिहावी : आज काय झाले आणि ते किती तीव्र होते, शून्य ते तीन. किमान दोन चक्रे हे करावे, कारण आठवणीवर विसंबले की एखादा वाईट दिवस सगळा महिना व्यापून टाकतो. पाळीनंतरचा आठवडा निर्वेध गेला तर त्रास पाळीआधीचा, हे निदान बरेचसे पक्के होते. उदासी महिनाभर असेल आणि पाळीआधी फक्त वाढत असेल, तर मूळ आजार नैराश्याचा असू शकतो आणि उपचार त्याचा व्हायला हवा. अर्धशिशी आणि दमाही पाळीआधी असेच उचल खातात.

आणखी एका अवस्थेबद्दल आपल्या लेखात अक्षरही नव्हते. काही थोड्या स्त्रियांना पाळीआधी इतकी तीव्र निराशा किंवा क्रोध येतो की काम आणि नाती दोन्ही कोलमडतात. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलेला आहे. त्यावर नैराश्याची काही औषधे उपयोगी पडतात, तीही काही जणींना फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यात घेऊन. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर नोंदवही पुरी होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

पाळीतल्या दुखण्याचेही तसेच. वर्षागणिक वाढणारी कळ, पाळी नसताना होणारी वेदना, शौचाच्या किंवा संबंधाच्या वेळी दुखणे ही 'मूल झाले की थांबेल' म्हणून सोडून देण्याची लक्षणे नव्हेत. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाले बाहेर वाढण्याचा आजार, एंडोमेट्रिओसिस, प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना असतो आणि सोनोग्राफी स्वच्छ आली तरी तो नसल्याची खात्री देता येत नाही. एका पाळीतील रक्तस्रावाची वैद्यकीय मर्यादा ८० मिलिलिटर सांगितली जाते, पण घरात ते मोजणार कोण? पॅड दर तास-दोन तासांनी भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा स्राव आठवड्याहून जास्त टिकत असेल, तर तपासणी करावी आणि हिमोग्लोबिनही पाहावे.

एक विनंती आहे. पुरवणीच्या एखाद्या कोपऱ्यात दोन चक्रांचा कोरा तक्ता छापावा, कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल एवढा. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'कधीपासून दुखते?' या प्रश्नाला 'नेहमीच' असे उत्तर देण्याऐवजी तो कागद पुढे करता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक