नानांच्या पहिल्या वेलांटीसाठी

ती. स्व. नानांस,
शि. सा. नमस्कार.

परवा तुमच्या लेकीचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, पण काही दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणाली. म्हणजे हे पत्र तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवणार. जो कोणी वाचत असेल त्याला हात जोडून विनंती: वेलांटीचा मामला आला की पहिली की दुसरी ते मोठ्याने सांगा, नाहीतर नानांना अर्धंच पोचेल. आणि पत्र उघडं लिहितेय, कारण तुमचे आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत.

आम्ही बंगळुरूहून सांगलीला आलो तेव्हा धाकटा सहावीत होता. मराठी घरात बोलायचा, लिहिलं कधी नव्हतं. पहिल्या चाचणीची वही मी अजून जपून ठेवलीय. दहा ओळींचा निबंध आणि त्यात तेवीस लाल गोळे. 'आजि'ला गोळा, 'नदि'ला गोळा, 'पाणि'ला गोळा. पुढे पुढे मराठीचा तास असला की सकाळपासून त्याचं पोट दुखायला लागायचं. मी नियम पाठ करून घेतले, तर ते तोंडपाठ झाले आणि गोळे होते तेवढेच राहिले.

ती वही घेऊन तो जिन्यात बसला होता, तेव्हा तुम्ही त्याला खालच्या मजल्यावरच्या तुमच्या घरात बोलावलंत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. मला वाटलं, आता आणखी लाल शाई. मी मागोमाग आले, तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून 'पाणि'वर बोट ठेवलं होतंत. "हा शब्द चुकलेला नाही रे. पाणि म्हणजे हात. तुला तहान लागली होती आणि तू हात मागितलास, एवढंच झालंय."

पोरगा हसला, नाना. त्या वहीकडे बघून तो पहिल्यांदा हसला.

मग तुम्ही टेबलावरची कुणाचीशी लग्नपत्रिका पुढे ओढलीत. तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'पाणीग्रहण' छापलं होतं, दुसऱ्या वेलांटीचं. हवं होतं पाणिग्रहण, म्हणजे हात हातात घेणं. तुम्ही त्याला समजावलंत की मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ होतो, म्हणून कवि हा कवी होतो; पण समासात तो शब्द पहिला आला की मूळची पहिली वेलांटी त्याला परत मिळते, कविमन होतं, पाणिग्रहण होतं. "आणि ही पत्रिकेतली दुसरी वेलांटी?" त्याने विचारलं. "ते वेगळं. उन्हाळ्यात टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावते ना, ते पाणीग्रहण."

त्या दिवशी तुमची 'बिघडवही' सुरू झाली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. शब्द जरासा बिघडवून त्यातून नवा अर्थ काढायचा, हा खेळ. त्याच्या अटी दोनच होत्या. शब्द रोजच्या वापरातला नको, भारदस्त हवा. आणि त्यात एखाददुसऱ्या अक्षराचाच फरक करायचा. पण बिघडवण्याआधी मूळ शब्दाचा अर्थ, फोड आणि लेखन डाव्या पानावर बिनचूक लिहायचं. उजवं पान बिघाडाचं. डावं चुकलं तर उजवं बाद.

काही पानं इथे उतरवतेच. वामकुक्षी म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतलेली विश्रांती. उजव्या पानावर 'कामकुक्षी', कचेरीत खुर्चीतल्या खुर्चीत घेतलेली. कूपमंडूक म्हणजे विहिरीतला बेडूक. 'कूपनमंडूक' म्हणजे सवलतीच्या कूपनाशिवाय काहीच विकत न घेणारा. ऊह म्हणजे तर्क मांडणं आणि अपोह म्हणजे तो खोडणं, दोन्ही मिळून ऊहापोह. 'ऊहापोहे' म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर बशी हातात धरून चालणारी चर्चा. दिङ्मूढाचा त्याने 'दिनमूढ' केला: दिवाळीच्या सुट्टीत आज वार कोणता हे न आठवणारा.

माझा आवडता मात्र सिंहावलोकन. सिंह चालता चालता थांबून मागे वळून बघतो, त्यावरून हा शब्द आला, हे मला चाळिशीत तुमच्याकडून कळलं. धाकट्याने सिंह काढून शिंक घातली. बाहेर निघालेल्या माणसाच्या पाठीमागे कुणी शिंकलं की तो उंबऱ्यातच थांबून मागे बघतो, ते 'शिंकावलोकन'. तुम्ही ते वाचून टेबलावर थाप मारलीत आणि समासात लाल पेनाने लिहिलंत, "जसंच्या तसं छापा." त्याच्या वहीत लाल शाईने आलेलं ते पहिलं कौतुक.

तुम्ही त्याला हे पोरखेळ म्हणून शिकवलं नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका संध्याकाळी तुम्ही तो जुना श्लोक म्हणून दाखवलात, 'यद्यपि बहु नाधीषे तथापि पठ पुत्र व्याकरणम्'. बाप मुलाला सांगतो, फार नाही शिकलास तरी व्याकरण शीक बाबा, म्हणजे स्वजनाचा श्वजन होणार नाही, सकलाचं शकल होणार नाही आणि सकृत्‌चं शकृत् होणार नाही. आपली माणसं कुत्री होतात, अख्ख्याचा तुकडा होतो आणि 'एकदा'चं शेण होतं, सगळं एका स-श च्या फरकाने. शेण ऐकून तो लोळला. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. 'ध' चा 'मा' ही त्याच सुमारास त्याला कळला. ती १७७३ सालची आख्यायिका तुम्ही चार वाक्यांत उरकलीत, "रक्ताची गोष्ट आहे, पुरे" म्हणालात. बरं केलंत.

आणि बाणभट्ट! ज्या ग्रंथाच्या नावावरून आपण मराठीत कादंबरी हा शब्द घेतला, त्या 'कादंबरी'तला शूद्रक राजा फावल्या वेळात अक्षरच्युतक, मात्राच्युतक आणि बिंदुमती खेळतो, हे तुम्ही सांगितलंत. अक्षर गाळलं की अर्थ बदलतो, नगरातला ग काढला की नर उरतो. बिंदुमतीत तर अक्षरं नसतातच, नुसती टिंबं आणि त्यांवरचे काना, मात्रा, वेलांट्या. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला राजा आपल्यासारखाच वेलांट्यांशी खेळत होता, हे कळल्यावर पोराची मान ताठ झाली. त्या रात्री त्याने पानात वरणाचे चार थेंब ओळीने टाकले. पहिल्याला बोटाने काना ओढला, दुसरा मोकळा सोडला, तिसऱ्याला पहिला उकार, चौथ्याला दुसरी वेलांटी. "ओळख, आई." वामकुक्षी! मी ओळखलं, नाना.

शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली ४ वाढून १८ झाले, गीतेच्या अध्यायांइतके, हेही तुमचंच वाक्य. ते अठराही तो आता जाणतो, कारण डाव्या पानावर ते रोज लागायचे. सहामाहीत तीन गोळे होते. पण गुणांसाठी मी हे पत्र लिहीत नाहीये. दुकानाची पाटी दिसली की तो थांबतो, ओठ हलवत वाचतो, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकतं. शब्दांना घाबरणाऱ्या मुलाला तुम्ही शब्दांशी खेळायला बसवलंत. हे ऋण मी कसं फेडू, मला खरंच कळत नाही.

तुम्ही लेकीकडे गेल्यापासून खालचा मजला बंद आहे. बिघडवहीची एकतीस पानं कोरी आहेत, ती तुम्ही आल्यावरच भरायची असं त्याने ठरवलंय. तोवर त्याने तुमच्यासाठी एक बिंदुमती पाठवलीय. डोळ्यांना त्रास नको म्हणून ती ऐकायची आहे. सहा टिंबं. पहिल्याला पहिली वेलांटी आणि वर अनुस्वार. दुसऱ्याला काना. तिसरं मोकळं. चौथ्याला काना आणि एक मात्रा. पाचवं, सहावं मोकळं.

उत्तरं दोन आहेत. त्याला दोन्ही हवी आहेत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक