आमच्या भगतसिंगाची हॅट जमवून देणाऱ्या काकांस

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, शाल-श्रीफळाला हात जोडून नाही म्हणालात आणि श्रेयनामावलीत नाव घालायचं म्हटलं तर चक्क रागावलात. तेव्हा आभार मानायला हे जाहीर पत्रच काय ते उरलं. यात तुमचं नाव-गाव नाही, त्यामुळे यावर रागावता येणार नाही.

जाहीर लिहिण्याचं दुसरं कारण स्वार्थाचं नाही, परमार्थाचं आहे. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की गावोगावच्या हौशी संस्था ड्रेपरीवाल्याकडून किंवा ऑनलाइन एखादी फेल्ट हॅट (लोकर किंवा केस दाबून केलेल्या जाड कापडाची) आणतात, ती इन्स्पेक्टरच्या, साहेबाच्या नाहीतर क्रांतिकारकाच्या डोक्यावर ठेवतात, आणि डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखी ती दिसते. नट कितीही जीव तोडून बोलला तरी लोक त्या पातेल्याकडेच बघत बसतात. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते या सगळ्यांच्या कामाचं आहे.

हॅट पुढ्यात ठेवली तेव्हा तिच्याकडे न बघता तुम्ही आधी विचारलंत, "घालणारा कोण? आणि निघालाय कुठे?" आम्ही म्हटलं, भगतसिंग, लाहोर स्टेशनवर. १७ डिसेंबर १९२८ ला पोलीस अधिकारी साँडर्सचा वध झाला. त्यानंतर शहरभर पोलिसांचा पहारा असताना भगतसिंग तिथून निसटले ते साहेबाच्या वेशात. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर फेल्ट हॅट, पत्नी म्हणून बरोबर सहकारी क्रांतिकारक भगवतीचरण व्होरांच्या पत्नी दुर्गाभाभी, त्यांचा लहानगा सचिन, आणि सामान वाहणारा नोकर म्हणून आपल्या खेडचे राजगुरू. आमचं नाटक राजगुरूंवर आहे, पण दुसऱ्या अंकातल्या या प्रवेशात सगळं त्या हॅटवर टांगलेलं आहे. त्यात दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत काढलेला एप्रिल १९२९ चा तो हॅटमधला फोटो. असेंब्लीत ८ तारखेला बॉम्ब टाकण्याच्या काही दिवस आधीचा. शाळेच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, कॅलेंडरवर, तो सगळ्यांनी पाहिलेला. म्हणजे प्रेक्षक घरूनच हॅट मनात घेऊन आलेला असतो. आपली त्याहून वेगळी निघाली की संपलं.

आमच्याकडे हॅट दोन होत्या. एक नवी, लोकरीच्या फेल्टची, पार्सलमध्ये चेपून आलेली. दुसरी आमच्या एका नटाच्या आजोबांची, माळ्यावरच्या ट्रंकेतून काढलेली, मऊ, सुरेख, आत चामड्याची पट्टी. आमच्या सगळ्यांचा जीव अर्थातच दुसरीवर. तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात, म्हणालात, "सशाच्या केसांची आहे, माल एक नंबर," आणि पिशवीत घालून बाजूला ठेवलीत. पूर्वी केस एकमेकांत घट्ट गुंतावेत म्हणून त्यांना पाऱ्याच्या क्षाराचं पाणी देत, त्या धुरानं टोपी करणाऱ्यांचे हात थरथरायला लागत, माणसं भ्रमिष्ट होत. अमेरिकेत ते १९४१ साली बंद झालं, पण जुन्या फेल्टमध्ये पारा राहिलेला असू शकतो. "हिला मी वाफ देणार नाही. आणि भगतसिंग करणारं पोरगं दोन महिने हिच्यात घाम गाळणार, तेही नको." ज्याच्या आजोबांची हॅट होती तो जरा हिरमुसला. पण सुंदर वस्तू बाजूला ठेवून साधी वस्तू कामाला घेण्याचा हा निर्णय किती पटकन घेतलात तुम्ही! आमच्या कमिटीला याला तीन मीटिंगा लागल्या असत्या.

मग ती चेपलेली नवी हॅट. लोकरीचं फेल्ट सशाच्या फेल्टसारखं सांगितलं तसं ऐकत नाही, वाफेनं नरम होतं पण मनात जुनी घडी धरून बसतं, आणि जास्त ओलं झालं की आटतं. म्हणून तुम्ही घाई केली नाहीत. स्टोव्हवर चहाची किटली, तोटीतून जोरात वाफ, आणि हॅट त्यापासून वीतभर लांब, सारखी फिरती. आतली पट्टी आधी बाहेर उलटून घेतलीत. ती कापडी होती, तिला काही होणार नव्हतं. पण चामड्याची पट्टी वाफेनं आक्रसते आणि हॅट कायमची घट्ट होऊन बसते, म्हणून तुमच्या हाताला ती सवयच. फेल्ट नरम पडल्यावर हॅट कालबुतावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, ओढून बसवलीत, आणि जिथे रिबन येते तिथे सुतळी करकचून आवळलीत. वर स्वच्छ गोल घुमट, कुठेही घडी नाही. "आधी दुसऱ्यानं घातलेल्या सगळ्या घड्या घालवायच्या. मग आपल्याला पाहिजेत तेवढ्याच घालायच्या." रात्रभर ती तशीच राहिली. ड्रायर लावू का, असं आमच्या एका उत्साही पोरानं विचारलं, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे जे बघितलंत ते त्याच्या अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ, पण या वेळी फक्त घुमटाला, आणि हातात. ही दोन मिनिटं मी जवळून पाहिली. तुम्ही तळहाताची कड माथ्यावर मधोमध ठेवलीत आणि दाबली, मागे कमी, पुढे जास्त. मग अंगठा आणि दोन बोटांनी पुढच्या बाजूला दोन्हीकडून चिमटीचे खळगे. लगेच हात काढला नाहीत. फेल्ट गार होईपर्यंत बोटं तिथेच, जणू नाडी बघताय. हात काढल्यावर खळगे किंचित मागे उसळले, तुम्ही मान हलवलीत, पुन्हा वाफ, पुन्हा बोटं. तरुणपणी कोल्हापुरात स्टुडिओच्या कपडेपटात दिवसाला कितीतरी टोप्या अशा केल्यात म्हणालात. ते खरं असणार, कारण या सगळ्या वेळात तुम्ही समोरच्या दुकानदाराशी गॅस सिलिंडरबद्दल बोलत होतात.

कड लोळत होती. स्वस्त हॅटची लोळतेच. त्यावर तुमचा उपाय फर्निचर पॉलिशवाल्याकडचा: चपडी. स्पिरिटमध्ये पातळ विरघळवलेली लाख, फडक्यानं कडेच्या फक्त खालच्या बाजूनं, हलक्या हातानं. वरून लावली तर चकाकते आणि दिव्याखाली डाग दिसतो. स्टोव्ह आधी बंद करून खिडक्या उघडल्यात, ही गोष्ट करून बघू म्हणणाऱ्यांनी विसरू नये, स्पिरिट आहे ते. विलायती टोपीवालेसुद्धा फेल्ट कडक करायला लाखच वापरत आले, आणि लाख पिकते आपल्याकडे. एवढी साहेबी टोपी, पण तिचा ताठा आपल्याच झाडांवरचा, याचं तुम्हाला भारी हसू आलं होतं. मलाही.

माप तर आम्ही घेऊनच आलो होतो, कानांच्या वरून आणि कपाळाच्या मधून टेप फिरवून, ५८ सेंटीमीटर. हॅटही ५८ ची. तरी आमच्या भगतसिंगाच्या कपाळावर लाल रेघ उठत होती आणि कानशिलांपाशी बोट जात होतं. त्याचं डोकं लांबट, हॅटचं भोक गोल. आम्ही आणखी मोठी हॅट मागवायच्या बेतात होतो, आणि ती मागवली असती तर प्रवेशात एकदा तरी नाकावर आली असती. तुम्ही पट्टीच्या मुळाशी वाफ दिलीत, हॅट दोन्ही बाजूंनी दाबून पुढे-मागे ओढलीत आणि ओलसर असतानाच त्याच्या डोक्यावर ठेवलीत. "वाळेपर्यंत काढायची नाही. चहा पी, पेपर वाच, भांडण कर, पण हॅट डोक्यावर." कानशिलांपाशी उरलेल्या फटीत पट्टीच्या आत वर्तमानपत्राची घडी केलेली बारीक पट्टी सरकवलीत. ती आजही तिथेच आहे, अधूनमधून बदलते मी, घामानं लगदा होतो.

आणि मग खरी पंचाईत. रंगीत तालमीला आमचा प्रकाशयोजनाकार वैतागला: कडेची सावली थेट नाकापर्यंत, डोळेच दिसेनात. दिग्दर्शक म्हणाला, हॅट मागे सरकव. तुम्ही मागच्या खुर्चीवरून म्हणालात, मागे सरकवली तर तो पिकनिकला निघालाय असं दिसेल. दिग्दर्शकाचं आणि तुमचं त्या दिवशी दुसऱ्यांदा वाजलं. (पहिल्यांदा वाजलं ते धुळीवरून. त्याला हॅट वापरून जुनी झालेली, खडूची पूड मारलेली हवी होती. "साहेबाचं सोंग घेऊन बायको-पोरासह पहिल्या वर्गानं निघालेला माणूस मळकी हॅट घालेल? पकडून द्यायचंय का त्याला?" या प्रश्नावर उत्तर नव्हतं. कोरी दिसू नये पण निगराणीतली दिसावी, एवढ्यावर तोड निघाली.)

सावलीवर तुम्ही काढलेला तोडगा मला या सगळ्यात सर्वांत मोठा वाटतो. या हॅटची कड पुढून खाली आणि वर अशी दोन्हीकडे पडते, बोटानं टिचकी दिल्यासारखी. तुम्ही चपडी लावताना पुढच्या भागाला कमी लावली होतीत ती यासाठीच, हे आम्हाला तेव्हा कळलं. डब्यात दुर्गाभाभींशी, लहानग्याशी बोलताना कड वर, चेहऱ्यावर पूर्ण उजेड. प्लॅटफॉर्मवर पोलिसांची चाहूल लागली की अंगठा आणि तर्जनीनं कड खाली, चेहरा सावलीत, आणि काखेतला लहानगा त्या बाजूला. प्रकाशयोजनाकाराला जी अडचण वाटत होती ती प्रवेशाची हालचाल झाली. दिग्दर्शक गप्प बसला, आणि आमचा दिग्दर्शक गप्प बसणं ही संस्थेच्या इतिहासात नोंद करण्यासारखी बाब आहे.

त्यानंतर तुमचा हुकूम: हॅट पेटीत राहणार नाही, तालमीच्या पूर्ण वेळ पोराच्या डोक्यावर राहणार. रोज थोडा घाम, थोडी ऊब, आणि ती त्याच्या डोक्याची होत गेली. आधी तो हॅट सांभाळत चालायचा, मान काटकोनात. हळूहळू ते सुटलं. आणि उचलायची कडेला धरून, दोन्ही हातांनी. सिनेमात नट पुढच्या चिमटीला धरून उचलतात ते दिसायला झकास, पण फेल्ट तिथेच झिजतं आणि एक दिवस चिरतं. टेबलावर ठेवायची ती माथा खाली, कड वर. कडेवर बसवली की आठवडाभरात कड सपाट.

देखभालीचं तुम्ही सांगितलेलं तसंच चालू आहे. मऊ ब्रश, काळ्या-करड्या हॅटला वेगळा आणि पांढऱ्याला वेगळा, फिरवायचा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. मेकअपचा तेलकट डाग कडेला लागतोच. त्यावर मुलतानी माती भुरभुरवून ठेवायची, तेल ओढून घेतलं की झटकायची. पाण्याचा बोळा अजिबात नाही. पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही टपलेल्या, म्हणून डांबराच्या गोळ्या पेटीत, पण हॅटला न टेकता, फडक्यात बांधून. आमच्या कपडेपटातल्या पोरींनी हे सगळं कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

सांगलीच्या प्रयोगात काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तालमीत पोर कड खाली करायचं ते शिपायानं हाक मारल्यावर. त्या दिवशी विंगेतून बुटांचा आवाज आला, आणि शिपाई बोलायच्या आधीच त्याची बोटं कडेला गेली. वाक्य तसंच चालू होतं, लहानग्याशी खेळकर बोलणं, आणि चेहरा मात्र सावलीत गेला. मी विंगेत उभी होते. राजगुरू करणाऱ्या आमच्या मुलानं तेव्हा ट्रंक खांद्यावर घेतलेली होती, तो अर्धा क्षण थांबला; तेही तालमीत नव्हतं. दिग्दर्शकानं पुढच्या प्रयोगापासून दोन्ही तसंच ठेवलं.

कालबूत अजून माझ्याकडेच आहे, सुतळीसकट. ते परत द्यायचंय. आजोबांच्या हॅटचंही विचारायचंय: ती दोन पिशव्यांत बांधून कपाटाच्या वर ठेवली आहे, पण घरात लहान मूल असलेल्यानं ती ठेवावी का, हे त्या नटाच्या आईला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. आणि पुढच्या नाटकात हॅट नाही, पगडी आहे. पगडीचं काम तुम्ही करत नाही असं म्हणाला होतात, पण चांगलं करणारं कोण, हे तुम्हाला ठाऊक असणारच. शनिवारी दुपारी दुकान उघडं असेल तर येते.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
कपडेपट सांभाळणारी