संग्रहालयात गावकऱ्यांनाही बोलू द्यावे

माननीय संपादक,

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या संग्रहालयाच्या नव्या व्याख्येत समाजाच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या सहभागाचे मोल गोव्याने त्याआधीच अनुभवले आहे. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेली प्राचीन चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांपर्यंत पोचली, ती स्थानिक रहिवाशांनी माहिती दिल्यामुळेच.

असे असूनही, वस्तू एकदा काचेच्या कपाटात गेली की ती वापरणारा गावकरी निव्वळ प्रेक्षक उरतो. खाजन शेतीतल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतीतल्या, मानशीचेच (बांधातल्या पाणदाराचेच) उदाहरण घेऊ. भरतीच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही; ओहोटी लागली की आतले पाणी झडप उघडून नदीकडे वाहू लागते. एवढे फलकावर लिहिता येईल. परंतु कोणत्या तिथीला पाणी किती चढते, खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोके कशी बुजवायची, मानशीपाशी जाळे केव्हा लावायचे, हे बांधावर आयुष्य काढलेला माणूसच सांगू शकतो. खाजने पडीक होत चालली आहेत आणि असे जाणकारही थकत आहेत, त्यामुळे या कामाला उशीर परवडणारा नाही.

चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळे-पानेफुले टांगून सजवलेल्या माटोळीची स्पर्धा कला व संस्कृती संचालनालय घेते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण तेथे रानफळांची नावे आणि त्यांचे उपयोग ठाऊक असणाऱ्यांना जाणकाराचा मान मिळतो. संग्रहालयांनीही तोच मान द्यावा. पायली, आदोळी (विळी), घाणा अशा वस्तूंची नोंद करताना त्या हाताळलेल्या स्त्री-पुरुषांचे कथन त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावे आणि सांगणाऱ्याची संमती घेऊन, त्याच्या नाव-गावासह, ते वस्तूपाशी ऐकवावे. प्रेक्षकाने अभिप्राय वहीत एखादी दुरुस्ती सुचवली तर ती तपासून फलक बदलावा आणि त्याला तसे कळवावे.

येत्या १८ मे रोजी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनी, राज्यातील संग्रहालयांनी आपल्या संग्रहातील काही वस्तूंची छायाचित्रे घेऊन तिसवाडी, सासष्टी, केपे आणि सांगे येथील गावांत जावे आणि तेथील वडीलधाऱ्यांकडून या नोंदींचा आरंभ करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, सांगे