मत दिलं नाही, नुसती सोबत गेले

प्रिय आई,

मी मजेत आहे, जेवते नीट, स्वेटर पण घालते. दादाने माझा मतदानाच्या दिवशीचा फोटो बघून "तिकडच्या राजकारणात पडू नको, व्हिसा जाईल" असा मेसेज केला आणि बाबांनाही दाखवला म्हणे, म्हणून सगळं नीट लिहितेय. मी मत दिलेलं नाही, मला इथे अमेरिकेत तो अधिकारच नाही. शेजारच्या आजींना मतदानाला गाडीतून नेलं आणि बाहेर थांबले, एवढंच. त्या ७८ वर्षांच्या आहेत, थंडीत एकट्या कशा जातील?

आणि तो फोटो थडग्याचाच आहे, पण घाबरू नका. इथे मत दिलं की बोटाला शाई लावत नाहीत, 'मी मत दिलं' असं लिहिलेला छोटा स्टिकर देतात. तो लोक कोटावर लावून दिवसभर फिरतात, आणि आमच्या रोचेस्टरमधे काही जण तो माउंट होप दफनभूमीत नेऊन बायकांच्या मताच्या हक्कासाठी लढलेल्या सुसान अँथनीच्या थडग्यावर चिकटवतात. बायका लहान पोरींना घेऊन थंडीत रांगेत उभ्या असतात! दगड खराब होतो म्हणून २०२० मधे वर प्लास्टिकचं आवरण घातलं होतं, त्यावर लावायचे. या सुसानबाईंनी १८७२ साली बायकांना बंदी असताना याच गावात मत दिलं, म्हणून अटक झाली, कोर्टाने १०० डॉलर दंड केला, तो त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही. १९०६ मधे गेल्या आणि देशभर बायकांना मताचा हक्क मिळाला १९२० मधे, म्हणजे त्यांना ते बघायलाच मिळालं नाही गं. आजींची आई तर दक्षिणेतली, काळी, तिला काळ्या लोकांच्या मताचा हक्क जपणारा १९६५ चा कायदा येईपर्यंत मत देऊ दिलं नाही. आजी स्टिकर लावताना आईचं नाव पुटपुटल्या, मला रडूच आलं.

तेव्हा तू आठवलीस. पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होतीस, सह्या तुझ्या आणि मीटिंगला बाबा. एकदा नळाच्या पाण्याबद्दल बोलायचं म्हणून चांगली साडी नेसून निघाली होतीस आणि मीच म्हटलं, माझी दहावी आहे, तू घरी थांब. तू काही न बोलता साडी बदललीस. ते मला आता फार लागतं. यावेळी महिला राखीव आलं तर उभी राहा आई, आणि मीटिंगला तूच जा. बाबांना मी सांगते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ४० हजार पाठवलेत, दोन-तीन दिवसांत जमा होतील, कमी पडले तर लगेच सांग, काकांकडे मागू नका. सांगलीच्या मुलाचं म्हणशील तर त्याला आत्ता हो पण नको आणि नाही पण नको, आधी मला त्याच्याशी बोलू दे. मी टाळत नाहीये, खरंच. दिवाळीला आले नाही म्हणून रागावलीस का? फोनवर नीट बोलली नाहीस. मार्चमधे नक्की येते, तिकीट बघतेय, म्हणजे या आठवड्यात बघणार आहे.

तुझी,
छकुली